काशी कार्डाची काशी

आधीच सांगते, ही एका गाण्याच्या अल्बमची गोष्ट आहे पण निम्मी गोष्ट लायब्ररीच्या काउंटरवर घडते. नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योला येऊन ज्या बायका पहिलं वर्ष घरात बसून काढतात आणि लायब्ररीच्या दारावरून शंभरदा जातात पण आत जायचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय. मीही तशीच होते. दोन महिने चाललेलं हे प्रकरण आता संपलंय, त्यामुळे हसू येतंय, तेव्हा येत नव्हतं.

५ सप्टेंबर २०२३, मंगळवार. माझी मुलगी सई (वय ५) योचिएनमधून म्हणजे बालवाडीतून घरी आली ती पोनपोनपोन करतच. बूट काढताना पोन, हात धुताना पोन, वरणभाताचा घास गालात धरून पोन. मला वाटलं परत काहीतरी वाईट शब्द शिकून आली, कारण जूनमध्ये ती 'उन्को' शिकून आली होती आणि मी बाई कौतुकाने तिला व्हिडिओ कॉलवर सासूबाईंपुढे म्हणायला लावला होता. उन्को म्हणजे शी. त्यामुळे या वेळी आधी चौकशी. बालवाडीची एक वही असते, रोज दप्तरातून येते-जाते, आईने काही विचारायचं तर त्यात लिहायचं. मी ट्रान्सलेटवरून दोन ओळी उतरवून दिल्या, दुसऱ्या दिवशी बाईंचं गोल गोल अक्षरात उत्तर आलं की ७ ऑक्टोबरला उन्दोकाई आहे, म्हणजे क्रीडादिन, त्यात मोठ्या गटाचा नाच या गाण्यावर आहे, गाण्याचं नाव 'पोनपोनपोन', गाणारीचं नाव क्यारी पाम्यु पाम्यु. नाव वाचून मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय.

रात्री सई झोपल्यावर आवाज बारीक करून व्हिडिओ लावला. एक मुलगी, डोक्यावर हाऽऽ मोठा बो, आणि खोली अशी की जणू खेळण्यांच्या दुकानात भूकंप झालाय. कानातून माइक काढते. डोळे उडतायत, कवट्या उडतायत, पावाच्या स्लाइस उडतायत. आणि तिचा चेहरा मात्र एकदम शांत, हे सगळं रोजचंच आहे असा. मंदार, म्हणजे नवरा, म्हणाला बंद कर, रात्री झोप नाही यायची. मला पण खरं सांगायचं तर आवडलं नाही, भीतीच वाटली थोडी. पण सकाळी भेंडी चिरताना सुरी त्याच ठेक्यावर पडायला लागली तेव्हा कळलं की गेलो आपण.

मग वाचत सुटले. हा व्हिडिओ जुलै २०११ चा, तेव्हा ती १८ वर्षांची. ती खोली सजवणारा सेबास्टियन मासुदा, त्याने तोक्योच्या हाराजुकु भागात १९९५ मध्ये काढलेलं 'सिक्स परसेंट दोकीदोकी' नावाचं दुकान, आणि त्या सगळ्या रंगांचा उगम तिथला. गाण्यामागचा माणूस यासुताका नाकाता, पर्फ्यूम या ग्रुपचा निर्माता तोच. क्यारीचा पहिला पूर्ण अल्बम २३ मे २०१२ ला आला, 'पाम्यु पाम्यु रेव्होल्यूशन', १२ गाणी. त्याआधी ऑगस्ट २०११ मध्ये 'मोशी मोशी हाराजुकु' हा छोटा अल्बम आला होता, म्हणून कोणी मला दुरुस्त करायला येईल तर आधीच मान्य करते, पण मी पहिला म्हणते तो रेव्होल्यूशनवाला. तो ॲपवर होताच. तीन दिवस तोच. भांडी घासताना, इस्त्री करताना. काय म्हणतेय ते शून्य कळत होतं.

आता दुसरा धागा. मी दर गुरुवारी कम्युनिटी हॉलमधल्या जपानीच्या वर्गाला जाते, १० ते साडेअकरा. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक रिटायर झालेली मंडळी, महिन्याला ५०० येन आणि त्यात चहा. असे वर्ग जवळजवळ प्रत्येक वॉर्डात असतात, वॉर्ड ऑफिसच्या परदेशी लोकांच्या खिडकीवर यादी मिळते, तुमच्याकडे नसेल तर मागून घ्या, लाजू नका. आमच्या सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, सत्तरीच्या पुढच्या, पाठ ताठ, चष्मा साखळीला. त्यांनी सांगितलं होतं की पुढच्या वेळी प्रत्येकाने घरून काहीतरी वाचायला आणा, जे तुम्हाला वाचावंसं वाटतं ते. पुस्तकातलं नको. ७ तारखेला मी भीत भीत म्हटलं, गाणी चालतील का, क्यारी पाम्यु पाम्युची.

सेन्सेई म्हणाल्या, "क्यारी पामु... पाम्यु पा... " आणि अडकल्या. परत सुरुवात, परत अडकल्या. हे नाव जपानी लोकांची पण बोबडी वळवतं, टीव्हीवर बातम्या देणारे पण अडखळतात म्हणे. मी एका दमात म्हटलं. सगळा वर्ग बघायला लागला. माझ्या एक वर्षाच्या जपानी करिअरमधला हा पहिला क्षण जेव्हा मला काहीतरी येत होतं आणि सेन्सेईंना नाही. घरी येताना डोक्यात आलं की अरे ही तर जोडाक्षरं. जपानीत 'की' काढून त्याच्या पायाशी छोटा 'या' काढला की 'क्या' होतो, 'मी'च्या पायाशी छोटा 'यु' काढला की 'म्यु'. मी वर्षभर त्या छोट्या अक्षरांना घाबरत होते, आणि ती म्हणजे शाळेत पाटीवर घोटलेली क्य, प्य, म्य. ज्यांना हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ बाराखडी, जड जातंय त्यांनी हे एवढं धरा, निम्मं ओझं उतरतं.

तर सेन्सेई म्हणाल्या की ॲपवर नका वाचू, सीडी आणा, आत 'काशी कादो' असतं ते वाचा. मी ऐकलं काशी. म्हटलं काशी इथेही पोचली. काशी म्हणजे गाण्याचे शब्द, कादो म्हणजे कार्ड, सीडीच्या डबीतली ती छोटी पुस्तिका. आणि सीडी विकत नका घेऊ, लायब्ररीत मिळते फुकट.

९ सप्टेंबर, शनिवार, लायब्ररी. कार्ड काढायला लागलं काय तर फक्त झाइर्यू कार्ड, म्हणजे इथे राहणाऱ्या परदेशी लोकांचं ओळखपत्र, ज्याच्यामागे सध्याचा पत्ता छापलेला आहे. बस. पैसे नाहीत. २० मिनिटांत काम झालं, त्यातली १५ मिनिटं माझं नाव लिहिण्यात गेली. आपल्या पासपोर्टची गंमत तुम्हाला माहितीच आहे, माझ्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव घुसलेलं, म्हणून झाइर्यू कार्डवर आधी आडनाव, मग अनघा, मग मंदार. फॉर्मवर ते काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या लिपीत, लिहायचं, एका चौकोनात एक अक्षर: पातोवारुदान आनागा मानदारु. चौकोन संपले, 'रु' बाहेर. काउंटरवरच्या मुलीने स्वतः पट्टीने एक चौकोन आखून दिला. आणि मग शेवटी जे नाव दिसलं तेच धरून हाक मारली, "मानदारु सामा." तेव्हापासून त्या लायब्ररीत मी मानदारु आहे. टीप: सगळीकडे एकच काताकाना स्पेलिंग ठेवा, बँकेत एक आणि लायब्ररीत एक असं करू नका, एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

सीडी आमच्या शाखेत नव्हती. कॉम्प्युटरवर इंग्लिश अक्षरांत शोधलं तर काहीच नाही, हिरागानात टाइप केल्यावर दुसऱ्या शाखेत एक प्रत दिसली. बुक केली. १५ तारखेला ईमेल, १६ ला जाऊन आणली. मुदत दोन आठवडे, पुढे कोणी नंबर लावलेला नसेल तर एकदा वाढवता येते. देताना त्या मुलीने डबी उघडून तबकडी दाखवली, काशी कार्ड दाखवलं, पानं उलगडून दाखवली, कुठे काही नाही ना, हो नाही, मग दिली. हे नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे.

घरी आल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे सीडी लावायला काहीच नाही. लॅपटॉपला ती खाच आता येतच नाही. काशी कार्ड वाचायला प्लेअर लागत नाही हे मंदारचं म्हणणं बरोबर होतं, पण खरी सीडी हातात आणि गाणं मोबाइलवर हे मला पटेना. जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. एका कप्प्यात नवीनसारखे दिसणारे प्लेअर ५,००० च्या पुढे, आणि खाली निळ्या क्रेटमध्ये एक छान पांढरा टेपरेकॉर्डर-कम-सीडी, १,१०० येन, त्यावर चिठ्ठी. मी माझ्या नव्या ज्ञानाने काताकाना लावला: जा-न्-कु. म्हटलं ठीक आहे, जान्कु कंपनीचा दिसतोय. शेजारचा पण जान्कु, त्याच्या शेजारचा पण. चांगली चाललेली कंपनी. पैसे देताना तो माणूस परत परत काहीतरी विचारत होता आणि मी परत परत हाय हाय, म्हणजे हो हो, म्हणत मान डोलवत होते. घरी येऊन मंदारने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि सोफ्यावर आडवा झाला. जंक. म्हणजे चालेल न चालेल, परत घेणार नाही. चालला मात्र, फक्त झाकण बसत नव्हतं, वरून वजन ठेवलं तर तबकडी फिरायची. तुरीच्या डाळीचा डबा ठेवला तर जास्त दाबलं जाऊन घरघर, मुगाच्या डाळीचा अर्धा भरलेला डबा बरोब्बर.

पुढचे तीन आठवडे, खोटं नाही सांगत, फार मजेत गेले. काशी कार्ड हातात घेऊन एकेक गाणं वहीत उतरवायचं. लायब्ररीत कॉपी मशीन आहे पण काय कॉपी करता येतं नि काय नाही याचा नियम मला तीनदा सांगूनही कळला नाही म्हणून मुकाट वही काढली, आणि ते बरंच झालं, हाताने लिहिल्याशिवाय अक्षर बसत नाही. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, फार नाहीत म्हणून वाटलं सोपं असेल. सोपं नव्हतं. दुसरं गाणं 'त्सुकेमात्सुकेरु', शब्दकोशात हा शब्दच नाही. दोन दिवस डोकं फोडलं. गुरुवारी सेन्सेई हसायला लागल्या. त्सुकेमात्सुगे म्हणजे खोट्या पापण्या, त्सुकेरु म्हणजे लावणे, दोन्ही एकात एक घुसवून केलेला शब्द. म्हणजे पापणावणे म्हणा. अख्खं गाणं त्यावर, की पापण्या चिकटवल्या की तेच जग वेगळं दिसतं, धीर येतो. ऐकायला बडबडगीत आणि आत चांगलं शहाणपण लपलेलं. आणि तिचा आवाज असा सपाट, मुद्दाम भाव काढून घेतलेला, त्यामुळे शहाणपण अंगावर येत नाही.

आणि जोड्या! या भाषेत एवढ्या जोड्या आहेत हे मला वर्षभर कोणी सांगितलंच नव्हतं, व्याकरणाच्या पुस्तकात त्या शेवटी कुठेतरी असतात. दोकीदोकी म्हणजे धडधड. किराकिरा म्हणजे चमचम. आपल्याकडे जसं लुकलुक, खळखळ, पटपट, चुरचुर, तसंच. इंग्लिशमधून जपानी शिकताना हे सगळे शब्द पाठ करावे लागतात, मराठीतून गेलं तर कानाला सवय असतेच, फक्त आवाज बदलायचा. दहावं गाणं 'गिरिगिरी सेफ', गिरिगिरी म्हणजे अगदी काठावर, सेफ हा बेसबॉलमधला. काठावर पास! हा शब्द मी त्या आठवड्यात दहा वेळा वापरला, बस पकडली गिरिगिरी, भात लागला नाही गिरिगिरी. आठवं 'ओनेदारी', लाडात येऊन हट्ट करणं, हे सईला समजावून सांगावं लागलं नाही. नववं 'सुकी सुगिते किरेसो', म्हणजे इतकं आवडतंय की आता डोकं फिरेल, हे मात्र मंदारला समजावून सांगितलं. चौथ्याचं नाव 'मिन्ना नो उता', सगळ्यांचं गाणं, आणि याच नावाचा मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम एनएचके या इथल्या सार्वजनिक वाहिनीवर १९६१ पासून चालू आहे, त्यामुळे सेन्सेईंना आधी वाटलं मी त्याबद्दल बोलतेय. सगळीच गाणी आवडली असं नाही हां. 'कॅन्डी कॅन्डी' मला श्रीखंडात साखर घातल्यासारखं होतं. 'ड्रिंकर' येतं आणि जातं.

एकदा पोनपोनपोनबद्दल बोलताना सेन्सेई गप्प झाल्या. मग म्हणाल्या की २०११ च्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर टीव्हीवर कंपन्यांच्या जाहिराती बंद होत्या, त्याऐवजी लहान मुलांना नमस्कार-चमत्कार शिकवणारी एक जाहिरात दिवसभर लागायची, त्यात पण पोपोपोपोन असं होतं. ते ऐकलं की त्यांच्या पोटात अजून गोळा येतो. चार महिन्यांनी ही मुलगी उड्या मारत आली तेव्हा त्यांनी पोन ऐकून टीव्हीच बंद केला होता, म्हणून हे गाणं त्यांनी पूर्ण कधी ऐकलंच नव्हतं. मी मोबाइल काढून लावलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी, बोटाने टेबलावर ताल धरून. काही बोलल्या नाहीत. चहा ओतला.

२९ सप्टेंबरला ऑनलाइन मुदत वाढवली, १३ ऑक्टोबरपर्यंत. ७ तारखेला उन्दोकाई झाली. ऊन होतं, निळ्या ताडपत्र्या, सगळ्यांच्या डब्यांच्या पेट्यांमध्ये करागे, म्हणजे तळलेलं चिकन, आणि आमच्या पेटीत पराठे. सई चुकीच्या दिशेला वळली आणि तशीच आनंदात नाचली. इतर आया मोबाइलवर शूटिंग करत होत्या, मी पण करत होते, पण तोंडाने सगळे शब्द म्हणत. शेजारची एक आई वळून बघायला लागली, म्हणाली तुम्हाला येतं? त्या महिलेशी आता चांगली ओळख झालीय, ते वेगळं.

१० ऑक्टोबर, मंगळवार. दहा गाणी उतरवून झाली होती, अकरावं चालू होतं, 'ओयासुमी', म्हणजे शुभ रात्री. इथलं स्वयंपाकघर म्हणजे दोन हात पसरले की संपलं, ओट्यावर वही, वहीला टेकवून काशी कार्ड, बाजूला कढल्यात फोडणी. मोहरी तडतडली, हिंग, हळद घातली आणि चमचा हातातून सटकला. आवाज झाला टिंग. एक थेंब. मुगाएवढा. पानाच्या गुळगुळीत भागावर पडला असता तर पुसला गेला असता, पडला तो बरोब्बर मधल्या घडीत, जिथे पिना मारलेल्या असतात आणि कागद तेल पितो.

यानंतर मी जे जे केलं ते तुम्ही करू नका. ओल्या टिश्यूने पुसलं, पसरला. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन लावला, आणि हळदीला साबण लागल्यावर काय होतं हे लहानपणापासून माहीत असून लावला, लालभडक झाला. आता पान असं दिसायला लागलं की कोणाचा तरी खून झालाय. दुसऱ्या दिवशी आईला फोन. आई म्हणाली उन्हात ठेव, हळद उन्हाने जाते. गॅलरीत दोन चिमटे लावून काशी कार्ड मोज्यांच्या शेजारी. संध्याकाळपर्यंत लाल गेला, पिवळा फिका झाला, पण कागद वाळलेल्या पापडासारखा वळला. काशी कार्डाची काशी. मंदार म्हणाला, "गपचूप ड्रॉप बॉक्समध्ये टाकून ये." लायब्ररीवाले पानं उलगडून बघतात हे मी त्याला सांगितलं, आणि शिवाय सगळ्या लायब्ररीत हळदीचा डाग म्हटल्यावर संशयित किती असणार?

१२ तारखेला गुरुवारी सेन्सेईंपुढे ते कार्ड ठेवलं. त्यांनी नाकाजवळ नेलं, म्हणाल्या वास वेगळाच आहे. हिंग. मग धडा बाजूला ठेवून माफी कशी मागायची ते शिकवलं. डाग पाडला याला 'योगोशिमाशिता', पण असं म्हणालात तर मुद्दाम पाडला असं वाटतं. 'योगोशिते शिमाइमाशिता' म्हणा. हा 'शिमाउ' मी पुस्तकात तीनदा वाचला होता आणि डोक्यावरून गेला होता, पूर्ण होणे, संपवणे, पश्चात्ताप, कायकाय अर्थ दिलेले. त्या क्षणी लख्ख कळला. डाग पाडून बसले! हरवून बसले, तोडून बसले, बोलून बसले, यातलं 'बसले' म्हणजे शिमाउ. वर्गातल्या कोणालाच मी हे समजावू शकले नाही, इथे लिहून टाकते. सेन्सेईंनी दहा वेळा म्हणून घेतलं, मानेसकट.

१३ ऑक्टोबर, शेवटची तारीख. काउंटरवर एप्रन घातलेला एक तरुण मुलगा. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, कमरेत वाकले. तो माझ्यापेक्षा खाली वाकला आणि त्यानेच माफी मागितली, कशाबद्दल देव जाणे. आतून एक वयस्कर बाई आल्या, हातमोजे घालून पान बघितलं. मग शब्द आला: बेन्शो. भरपाई. पैसे घेत नाहीत, तीच वस्तू आणून द्यायची. फॉर्म आला, नाव (चौकोन पुरले या वेळी), पत्ता, फोन, वस्तूचं नाव, आणि एक रकाना, कारण. त्या मुलाने मला विचारून स्वतःच लिहिलं, 'करी'. मला राहवेना. करी नाही हो, मी म्हटलं, फोडणी होती, वरणाची. हे जपानीत कसं सांगणार, म्हणून शब्द शोधला, हळदीला उकोन. उकोन म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इथे उकोन म्हणजे दारू प्यायच्या आधी घेतात ते छोट्या डब्यातलं पेय, प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात असतं. त्याने 'करी' खोडून 'उकोन पेय' लिहिलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी सही केली आणि आले.

सोबत एक चिठ्ठी दिली, त्यावर अल्बमचा नंबर, तो डबीच्या कडेला बारीक छापलेला असतो. तोच नंबर हवा. जुनी चालेल पण स्वच्छ, काशी कार्डासकट. तोवर माझ्या कार्डावर नवीन काही मिळणार नाही.

१४ तारखेला लगेच सापडली, सेकंडहँड दुकानात ३३० येन. एवढ्या आनंदात होते की दुसऱ्या दिवशी उघडायलाच काउंटरवर. हातमोजेवाल्या बाईंनी तबकडीवर नखाएवढा स्टिकर दाखवला. 'रेन्तारु ओची', म्हणजे भाड्याने देणाऱ्या दुकानातून निवृत्त झालेली. चालत नाही. पुढचे दोन आठवडे मंदारच्या भाषेत माझी काशीयात्रा. एका दुकानात होती ती पहिल्या आवृत्तीची खास, 'शोकाइ गेन्तेइबान', नंबर वेगळा. आपल्याला हवी 'त्सूजोबान', साधी. एका ठिकाणी साधी होती पण चिठ्ठीवर लिहिलेलं, काशी कार्ड नाही! ऑनलाइन बऱ्याच दिसतात, पण फोटोत कडेचा नंबर नसेल तर घेऊ नका, विचारून घ्या. शेवटी २८ ऑक्टोबरला तोझाई लाइनने थेट नाकानोला, तिथल्या ब्रॉडवे या मॉलमधली दुकानं एकेक करत. एका काकांच्या दुकानात सापडली, प्लास्टिकमध्ये बंद, कडेला ती कागदी पट्टी पण शाबूत, ८८० येन. मी म्हटलं, काशी कार्ड बघू का? काकांनी प्लास्टिक फाडलं, कार्ड काढलं, अंगठ्याने एकेक पान मोजलं, दिव्याखाली धरलं. डाग नाही ना, मी विचारलं. काका म्हणाले, कसला डाग? मी म्हटलं काही नाही.

२९ ला दिली. तपासली, नंबर जुळवला, शिक्का. "मानदारु सामा, ओत्सुकारेसामा देशिता." म्हणजे दमलात, झालं आता. हिशोब सांगायचा तर प्लेअर १,१००, चुकीची सीडी ३३०, बरोबर सीडी ८८०, एकूण २,३१० येन, ट्रेनचे वेगळे. आणि ५ नोव्हेंबरला मी पुढची सीडी आणायला गेले तेव्हा त्या मुलाने एक पाकीट पुढे केलं. बारकोड काढलेली, शिक्का मारलेली जुनी प्रत, टाकून द्यायची होती, हवी असेल तर घ्या. हे सगळ्या लायब्ररींत देतात असं नाही, विचारून बघावं लागतं.

म्हणजे माझ्याकडे दोन झाल्या. स्टिकरवाली स्वच्छ मी सेन्सेईंना दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, चष्मा लावला, मागची यादी वाचली, आणि म्हणाल्या, त्या पिवळ्या पानावर जे गाणं आहे ते तुमचं उतरवायचं राहिलं होतं ना, ते आज करू या. वहीचं नवीन पान काढलं. ओयासुमी. माझ्या कार्डावर घडीतली दोन अक्षरं हळदीने गेली होती, ती त्यांच्या कार्डावरून बघून लिहिली.